बागेच्या लाकडी फाटकासाठी टिकणारी कडी कशी निवडावी

कडी बिघडली की बहुतेक जण दुसरी कडी आणतात, जुन्याच भोकांवर बसवतात आणि वर्ष उलटायच्या आत पुन्हा तीच तक्रार करतात. मी लाकडी फाटकं बनवते, बसवते आणि दुरुस्तही करते. दुरुस्तीचं बोलावणं येतं ते जवळजवळ नेहमी ‘कडी लागत नाहीये’ एवढंच सांगून. जाऊन पाहावं तर कित्येकदा कडी धडधाकट असते. फाटक खाली बसलेलं असतं, फळ्या फुगलेल्या असतात, नाहीतर स्क्रू आतल्या आत गंजून संपलेले असतात. अशा फाटकाला कितीही भारी कडी लावली तरी तिचीही तीच गत होणार. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी फाटक तपासायचं, मग तिथल्या हवेप्रमाणे धातू ठरवायचा, मग स्क्रू आणि बोल्ट, आणि कडीचा प्रकार सगळ्यात शेवटी.

सोयीसाठी फाटकावर बसून हलणाऱ्या भागाला मी कडीची जीभ म्हणेन आणि खांबावर बसून जीभ धरून ठेवणाऱ्या भागाला तिचं घर.

जुनी कडी फेकण्याआधी

जुन्या कडीवरचे घासल्याचे डाग उजेडात नीट बघा. फाटक गेली काही वर्षं कसं वागलं ते तिथे लिहिलेलं असतं. घराच्या खालच्या ओठावर चकचकीत ओरखडा असेल तर जीभ खाली येऊन घासते आहे, म्हणजे फाटक बसलं आहे. ओरखडा वरच्या ओठावर असेल तर खांब हलला आहे किंवा कडी मुळातच चुकीच्या उंचीवर बसवली होती. जिभेचं टोक ठेचल्यासारखं चपटं झालं असेल तर फाटक थांबवायला वेगळी पट्टी नाही आणि धडाधड आपटणाऱ्या फाटकाचा सगळा मार ती जीभ खाते आहे.

मला सगळ्यात उपयोगी पडतात ते जोडडाग. एकाच घरावर दोन ठिकाणी घासल्याच्या खुणा असतात: एक ताजी, चकचकीत, दुसरी थोडी दूर, तपकिरी पडलेली. ओल्या दिवसांत जीभ एका जागी येते आणि कोरड्या दिवसांत दुसऱ्या जागी. या दोन खुणांमधलं अंतर फूटपट्टीने मोजून लिहून ठेवा. नव्या कडीत निदान तेवढी मोकळीक हवी, आणि वर थोडी राखीव. समजा खुणांमध्ये ६ मिलिमीटर अंतर आहे आणि दुकानातल्या कडीच्या घराची खाच जिभेपेक्षा जेमतेम २ मिलिमीटर मोठी आहे. ती कडी कितीही सुबक असली तरी तुमच्या फाटकाची नाही.

डाग पाहून झाले की फाटक अर्धवट उघडा आणि कडीकडचं टोक हाताने वर उचला. बिजागरीजवळ हालचाल दिसली तर बिजागरीचे स्क्रू सैल झालेत किंवा तिची खीळ झिजली आहे. बिजागरी स्थिर आहे पण फाटकाचा चौकोन तिरका होतो आहे, तर सांधे सुटलेत. फाटकाबरोबर खांबच डोलत असेल तर खड्डा उकरून खांब पक्का करावा लागेल. यातलं जे निघेल ते आधी दुरुस्त करा. नवी कडी तोवर पिशवीतच राहू दे.

तिरक्या पट्टीची दिशाही बघून घ्या. लाकडी पट्टी बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघून कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात जायला हवी. तशी असली की फाटकाचं वजन तिला दाबतं, आणि दाब सोसणं लाकडाला चांगलं जमतं. उलटी बसवली तर तिच्यावर ओढ येते, टोकांचे सांधे उघडतात आणि फाटक हळूहळू खाली येतं. तारेचं किंवा सळईचं मात्र नेमकं उलटं. ती ओढ सोसते, म्हणून ती बिजागरीकडच्या वरच्या कोपऱ्यातून कडीकडच्या खालच्या कोपऱ्यात जाते. पट्टी उलटी असलेली फाटकं मला इतक्या वेळा भेटतात की दारात उभी राहिले की नजर आधी तिकडेच जाते.

लाकूड किती हलतं

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागासारखं शांत लाकूडसुद्धा पूर्ण ओलं असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आकसतं. ही सगळी हालचाल लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर सुरू होते. फाटकाचा ओलावा कोरड्या दिवसांत १२ आणि ओल्या दिवसांत १८ टक्के धरला तर १०० मिलिमीटर रुंदीची फळी जास्तीत जास्त सव्वा मिलिमीटरच्या आसपास फुगते. एका फळीसाठी हे काहीच नाही. पण अशा दहा फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकल्या असतील तर फाटक सेंटीमीटरभर रुंद होतं आणि खांबाला जाऊन भिडतं. इतर बरीच लाकडं सागापेक्षा जास्त हलतात.

फळ्यांमध्ये फटी सोडल्या असतील तर प्रत्येक फळी आपापल्या फटीत फुगते आणि बाहेरच्या मापाला फारसा धक्का लागत नाही. पक्क्या चौकटीच्या फाटकात रुंदी वाढते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांची, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर. तुमचं फाटक यातलं कुठलं आहे ते बघून फाटक आणि खांबामधली फट ठरवा. चौकटीच्या फाटकाला मी १० ते १२ मिलिमीटर ठेवते. चिकटून ठोकलेल्या फळ्यांना तेवढ्याने भागत नाही, तिथे जीभ लांब लागते, म्हणजे फाटक आकसून फट रुंदावल्यावरही तिचं टोक घरात पुरेसं आत राहतं. कोरड्या दिवसांत, फट सगळ्यात मोठी असताना, जीभ घरात निदान १५ मिलिमीटर आत असावी असं मी बघते.

हवा आणि धातू

इथे घाई करू नका. टिकाऊपणाचा अर्धा निकाल इथेच लागतो.

दुकानातली बहुतेक कड्या-कोयंड्यांची लोखंडी तऱ्हा जस्ताचा मुलामा घेऊन येते, पण मुलाम्या-मुलाम्यात फरक आहे. विजेच्या साहाय्याने चढवलेला मुलामा गुळगुळीत, चकचकीत, कधी निळसर तर कधी पिवळसर झाक असलेला असतो आणि त्याची जाडी बहुधा ५ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुसरा प्रकार वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, हॉट-डिप. जस्ताचं ते कुंड साधारण ४५० अंश सेल्सिअसला असतं. हा मुलामा राखाडी, मळकट दिसतो, कडांना कधी गोठलेले ओघळ असतात, भोकं थोडी बुजल्यासारखी वाटतात. आयएसओ १४६१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याची सरासरी जाडी दीड ते तीन मिलिमीटर पत्र्यावर ५५ मायक्रॉन, तीन ते सहा मिलिमीटरवर ७० आणि त्याहून जाड लोखंडावर ८५ मायक्रॉन तरी हवी.

आता हिशेब करा. जस्त दरवर्षी थोडं थोडं झिजतं. किती, ते हवेवर अवलंबून. आयएसओ ९२२३ मध्ये हवेचे वर्ग केलेले आहेत. मध्यम हवेत, म्हणजे साधं शहर किंवा खाऱ्या वाऱ्याचा थोडासाच स्पर्श, वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन. कारखान्यांच्या धुरात किंवा किनाऱ्याच्या बेताच्या खाऱ्या हवेत २.१ ते ४.२. अगदी खाऱ्या, दमट हवेत ४.२ ते ८.४. म्हणजे वर्षाला दोन मायक्रॉन धरले तर ८ मायक्रॉनचा चकचकीत मुलामा चार वर्षांत संपतो आणि ७० मायक्रॉनचा मळकट मुलामा पस्तीस वर्षं पुरतो. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर दहातले नऊ जण चकचकीत उचलतील. मी तुम्हाला मनापासून सांगते, मळकट उचला. रंग हवाच असेल तर बुडवलेल्या जस्तावर पावडर कोटिंग केलेली कडी शोधा. नुसत्या लोखंडावरचं काळं पावडर कोटिंग पहिल्या टवक्यापर्यंतच राखण करतं. पुढे पाणी टवक्यातून आत शिरतं, कोटिंगखाली पसरतं, आणि वरून कडी काळी कुळकुळीत दिसत असताना आत गंज चालूच राहतो.

हॉट-डिप कडी घेतलीत तर भोकं नंतर मोठी करू नका आणि जिभेला कानस लावू नका. जिथे जस्त जातं तिथूनच गंज सुरू होतो. करावंच लागलं तर उघड्या पडलेल्या जागी भरपूर जस्ताची पूड असलेला रंग दोन हात लावा.

समुद्राजवळ मी स्टेनलेस स्टीलच वापरते, आणि तेही ३१६ क्रमांकाचं. बाजारात नेहमी भेटणारं ते ३०४. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये शिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला तोंड देण्याचं काम ते करतं. खाऱ्या हवेत ३०४ वर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात. कडी त्यामुळे लगेच तुटत नाही, पण खाचेत आणि वॉशरखाली, जिथे खारं पाणी साचून राहतं, तिथे बारीक खड्डे पडू लागतात. समुद्रापासून लांब असाल तर ३०४ पुरेसं आहे, ३१६ वर जादा पैसे घालू नका.

लोहचुंबक खिशात ठेवून दुकानात जावं, त्याचा उपयोग होतो, पण मर्यादा ओळखून. चुंबक ताडकन चिकटला तर ती वस्तू ३०४ किंवा ३१६ नाही. साधं लोखंड असेल किंवा निकेल नसलेलं स्वस्त स्टेनलेस असेल. वाकवलेल्या जागी ३०४ सुद्धा चुंबकाला किंचित ओढतं, तेवढ्याने ती नाकारू नका. आणि चुंबक चिकटला नाही म्हणून माल ३०४ आहे असंही धरू नका, कारण २०० मालिकेतलं, निकेल कमी करून मॅंगनीज वाढवलेलं स्टेनलेसही चुंबकाला दाद देत नाही आणि उघड्यावर मात्र ३०४ पेक्षा लवकर डागाळतं. त्यामुळे वस्तूवर किंवा वेष्टनावर क्रमांक छापलेला बघा. पितळी रंगाच्या कडीला चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. ती घराबाहेर लावूच नका.

अस्सल पितळ आणि कांसं बाहेर छान टिकतं. पितळ काळवंडतं, ते चालतं. पण सतत ओलं राहिलं तर काही पितळातलं जस्त झिरपून जातं आणि मागे गुलाबीसर, सच्छिद्र तांबं उरतं. असा गुलाबी डाग दिसला की तो भाग बदला, ताकद गेलेली असते. कांशाला हा त्रास फारसा होत नाही.

ज्या कडीपासून मी लोकांना लांब ठेवते ती म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव कडी. हातात जड लागते, नक्षी रेखीव असते, चुंबक चिकटत नाही, आणि कडेने साच्याची बारीक रेघ फिरलेली असते. पाठीमागे, दिसणार नाही अशा जागी ओरखडा काढला की आत करडा-पांढरा धातू दिसतो. अशी कडी वाकत नाही. फाटक वाऱ्याने दोन-चारदा जोरात आपटलं की सरळ तुकडाच पडतो. बिडाच्या कडीचंही आपटण्यापुढे थोडंफार तसंच आहे. घडीव लोखंडाची किंवा जाड पत्र्याची कडी मार खाऊन वाकते, हातोडीने परत सरळ करता येते.

लाकडाचाही विचार हवा. ओक, चेस्टनट, रेड सीडार अशा लाकडांतली आम्लं आणि टॅनिन नावाची तुरट द्रव्यं लोखंड आणि जस्त दोन्ही खातात. लोखंडाशी टॅनिनची गाठ पडली की लाकडावर निळे-काळे ओघळ उतरतात आणि ते सहजी निघत नाहीत. कीड लागू नये म्हणून तांब्याचं औषध मुरवलेलं हिरवट लाकूडही पातळ मुलामा झपाट्याने संपवतं. अशा लाकडांना स्टेनलेस द्या. औषध मुरवलेल्या लाकडाला जाड हॉट-डिपही चालतं.

वेष्टनावर कधी ‘२४० तास मिठाच्या फवाऱ्यात तपासलेली’ असं छापलेलं असतं. फाटका-दारांच्या सामानाच्या युरोपीय मानकात, ईएन १६७० मध्ये, ९६ तास म्हणजे तिसरी श्रेणी, २४० तास चौथी आणि ४८० तास पाचवी. दोन कड्यांची तुलना करायला हा आकडा कामाचा आहे. त्यावरून कडी किती वर्षं टिकेल ते काढता येत नाही, कारण खऱ्या फाटकावर ऊन, वाळणं, पुन्हा भिजणं आणि घासणं हे सगळं एकत्र चालू असतं.

स्क्रू

कडीबरोबर पुडीत आलेले स्क्रू मी बहुतेक वेळा बाजूला ठेवते. चांगल्या कडीबरोबरही अनेकदा आखूड, पातळ मुलाम्याचे स्क्रू येतात. एका फाटकाचा मोडलेला स्क्रू मी बराच वेळ हातात घेऊन बघत बसले होते. डोकं अजून चकाकत होतं, टोकाकडचे आटे शाबूत होते, आणि मधे, पट्टीच्या पाठीमागे लाकूड जिथे ओलं राहतं नेमकं तिथे, तो झिजून सुईएवढा बारीक झाला होता. बाहेरून काही म्हणजे काही कळलं नसतं. म्हणूनच स्क्रूचा धातू कडीच्या धातूइतकाच किंवा त्याहून चांगला घ्या.

यामागे आणखी एक कारण आहे. दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना टेकले की कमी प्रतीचा धातू झिजून दुसऱ्याला वाचवतो. मोठी स्टेनलेसची पट्टी आणि तिला जस्ताचे छोटे स्क्रू, ही जोडी सगळ्यात वाईट: एवढ्या मोठ्या पट्टीपायी झिजायला चार बारके स्क्रू, ते बघता बघता संपतात. उलट, हॉट-डिपच्या मोठ्या पट्टीला स्टेनलेसचे स्क्रू बहुतेक ठिकाणी चालून जातात, कारण झिजायला पट्टीवर भरपूर जस्त असतं. खाऱ्या हवेत तेही टाळा, नाहीतर मधे नायलॉनचा वॉशर घाला.

ज्या कडीवर ओढाताण होते तिला नुसते स्क्रू पुरत नाहीत. तिथे मी आरपार बोल्ट घालते, ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीचा, घुमटासारख्या डोक्याचा आणि मानेशी चौकोनी असलेला. ती चौकोनी मान लाकडात रुतते, बोल्ट फिरत नाही, आणि बाहेरच्या बाजूला पेचकस किंवा पाना लागेल अशी काही जागाच उरत नाही. आतून मोठा वॉशर आणि नट. वॉशर लहान घेतला तर नट लाकडात खड्डा करून सैल होतो. लाकूड आकसलं की नट थोडा ढिला पडतोच, म्हणून पहिल्या कोरड्या हंगामानंतर एकदा पाना फिरवून घ्या.

स्क्रूच वापरायचे असतील तर आधी भोक पाडा. मऊ लाकडात भोक आट्यांच्या आतल्या दांड्याच्या सुमारे ७० टक्के जाडीचं, कठीण लाकडात ९० टक्के. पितळी स्क्रू घालायचा असेल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी एकदा आत-बाहेर करून घ्या, मग पितळी स्क्रूला मेण चोळून हलक्या हाताने बसवा, नाहीतर डोकं मोडून हातात येतं. फळीच्या किंवा पट्टीच्या टोकाच्या छेदात, जिथे रेषे उभे कापलेले दिसतात, तिथे स्क्रूवर भरवसा ठेवू नका. पकड कमी असते आणि कधी सुटेल सांगता येत नाही. पातळ फळीवर कडी बसवायची वेळ आली तर मागून जाड लाकडाचा ठोकळा द्या.

कुठली कडी

सगळ्यात टिकाऊ कडी कुठली, असं कोणी विचारलं तर मी पडती कडी सांगते. एक पट्टी, एका खिळीवर फिरणारी, स्वतःच्या वजनाने घरात पडणारी. स्प्रिंग नाही, पेटी नाही, पाणी साचायला जागा नाही. उभ्या दिशेत फाटक थोडं खाली-वर झालं तरी पट्टी आपली जागा शोधते. हिचंच दुसऱ्या बाजूनेही उघडता येणारं रूप म्हणजे अंगठ्याची कडी, जिला थंब लॅच म्हणतात, आणि दुसरं रिंगची कडी, जी रिंग फिरवून उघडते. यांत फाटकातून आरपार जाणारा एक दांडा किंवा पातं असतं, म्हणून घेण्याआधी फाटकाची जाडी मोजा, आणि जिथे कडी बसणार तिथलीच मोजा: चौकट, फळी आणि मागची पट्टी धरून. फाटक जाड निघालं तर रिंगच्या कडीचा दांडा पलीकडे पोचत नाही, आणि अंगठ्याच्या कडीचं पातं पट्टी पुरेशी उचलत नाही. दांड्याचं भोक दोन-तीन मिलिमीटर मोठं ठेवा, कारण लाकूड फुगलं की भोक दांड्याला आवळतं.

फाटक ढकलल्यावर आपोआप लागायला हवं असेल तर खटक्याची कडी घ्या, ज्यात खांबावरची किंवा फाटकावरची गोल खीळ आत शिरते आणि खटका मागे पडतो. यातही दोन जाती आहेत. वजनाने पडणारा खटका वर्षानुवर्षं चालतो. स्प्रिंगवरचा खटका स्प्रिंग चालते तोवरच, आणि बाकी कडी स्टेनलेसची असूनही आत साधी लोखंडी स्प्रिंग घातलेली मी पाहिली आहे. स्प्रिंगपाशी चुंबक नेऊन बघा. स्टेनलेसची स्प्रिंगही ओढून घडवलेली असल्याने थोडी ओढते, पण शेजारच्या लोखंडी वस्तूशी ताडून पाहिलं की फरक हाताला कळतो. खीळ उभ्या दिशेत किती चुकली तर चालते हेही बघा. काही खटके दहा-बारा मिलिमीटर माफ करतात, काही तीनही नाही. बंद पेटीच्या खटक्याला तळाशी पाणी जायला भोक असायलाच हवं.

सरकत्या बोल्टचा स्वभाव अगदी उलटा. अल्ड्रॉप असो की टॉवर बोल्ट, फाटक घट्ट धरतो, कुलूप घालता येतं, पण गोल दांडा गोल भोकात जायचा म्हणजे फाटक तसूभरही हलून चालत नाही. बसणाऱ्या फाटकाला एकुलती एक कडी म्हणून मी बोल्ट देत नाही. द्यायचाच असेल तर खांबाकडचं भोक उभं लांबट करून देते. मात्र उंच, बंद फळ्यांच्या फाटकाला दुसरी कडी म्हणून खालच्या बाजूला बोल्ट हवाच, त्याचं कारण वारा. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला २४० न्यूटनच्या घरात जातो. एक मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच फाटकावर तो झाला ४३० न्यूटन, म्हणजे ४४ किलो वजनाइतका. त्यातला अर्धा कडीवर, अर्धा बिजागऱ्यांवर, आणि तोही झुळकांबरोबर मागे-पुढे हिसके देत. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. एकट्या मधल्या कडीवर हे सोपवलं तर फाटकाचं वरचं आणि खालचं टोक फडफडत राहतं आणि सांधे सुटतात.

आकडा आणि कोयंडा कुलपासाठी ठीक आहे. रोज शंभरदा उघडायच्या फाटकाला त्याचा कंटाळा येतो, माणसं तो लावायचं सोडून देतात. आणि खांबावरून नुसती टाकायची ती मोठी गोल कडी, दिसायला गावंढळ, पण गुरं किंवा कुत्रा राखायला आणि फार हलणाऱ्या फाटकाला तिच्याइतकं बिनतक्रार काही नाही.

निवड पक्की करण्याआधी दुकानातच एक गोष्ट करून पाहा: मूठ मिटून कडी उघडते का. हातात ओझं असताना, हातमोजे घातलेले असताना, बोटं दुखत असताना फाटक असंच उघडावं लागतं. घरात लहान मुलं असतील आणि पलीकडे पाणी किंवा रस्ता असेल तर उघडण्याची कळ दीड मीटर उंचीवर येईल अशी कडी घ्या आणि बिजागरी फाटक आपोआप बंद करणारी.

बसवताना

फाटक टांगून झाल्यावर कडी त्याच दिवशी बसवू नका. काही दिवस फाटक उघड-बंद होऊ द्या. वजन बिजागऱ्यांवर बसलं की ते किंचित खाली येतं, मग खूण करा. आधी थांबपट्टी: खांबावर एक उभी लाकडी पट्टी, फाटक तिच्यावर पूर्ण उंचीभर टेकेल अशी. थांबायचं काम तिचं, धरायचं काम कडीचं. त्यानंतर जीभ मधल्या किंवा वरच्या आडव्या पट्टीच्या रेषेत बसवा, म्हणजे स्क्रूंना जाड लाकूड मिळतं. सांध्यातल्या कुसाच्या, म्हणजे एका लाकडाच्या दुसऱ्यात घुसलेल्या टोकाच्या, जागी मात्र भोक पाडू नका, त्याने सांधा कमजोर होतो. घर शेवटी बसवायचं आणि जीभ खाचेच्या मध्याच्या थोडी वर राहील असं, कारण पुढची काही वर्षं फाटक गेलं तर खालीच जाणार आहे.

प्रत्येक भोकात लाकडाचं तेल किंवा रक्षक औषध ब्रशने भरून वाळू द्या आणि मगच स्क्रू घाला. पट्टीच्या मागच्या लाकडालाही आधी रंगाचा हात द्या, कारण एकदा पट्टी बसली की त्या जागेला पुन्हा ऊन दिसत नाही.

पुढची देखभाल थोडीच आहे. तेलाचे थेंब सोडण्याची सवय असेल तर आवरा. तेल धूळ धरतं आणि त्या दोघांचा कानशीसारखा घासणारा लगदा तयार होतो. ग्राफाइटची पूड किंवा वाळणारं पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचं वंगण, चांगलं. खाऱ्या हवेत महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने कडी धुतलीत तर बाकी काही केलं नाही तरी चालेल. पावसाच्या नेमाने भिजणाऱ्या बाजूपेक्षा छपराखालची, कधीच न धुतली जाणारी बाजू जास्त गंजते, कारण मीठ तिथेच बसून राहतं. धुताना तिकडे आधी पाणी मारा.

दोन पाखांच्या फाटकाला हे सगळं एकाच पाखाला लागू होतं, रोजच्या वापराच्या. दुसरं पाखं जमिनीत रुतणाऱ्या उभ्या बोल्टने आधी घट्ट करा, कारण ते हललं तर त्याच्यावर बसवलेलं घरही हलतं आणि कुठलीच कडी नीट लागत नाही. हा बोल्ट निदान १२ मिलिमीटर जाड असावा आणि जमिनीत जाणारी नळी तळाशी उघडी. नळीखाली हातभर खोल खड्डा करून त्यात खडी भरा. तळ सिमेंटने बंद केला तर नळीत पाणी आणि माती साचून बोल्ट पूर्ण उतरत नाही, आणि पाण्यात उभं राहिलेलं त्याचं टोक सगळ्यात आधी गंजतं.